सरांची शिस्त, बाईंचा स्वभाव

"बाईंच्या हाताखाली काम म्हणजे डोक्याला ताप." हे वाक्य मावळातल्या किती स्टाफरूममध्ये ऐकलं याची मोजदाद मी सोडून दिली आहे. मराठी शाळेत ऐकलं, उर्दू शाळेत ऐकलं, वडगावला प्रशिक्षणाला गेलो की जेवणाच्या रांगेत ऐकलं. बोलणारे सगळे पुरुषच असतात असं नाही. बायका तर हे वाक्य जास्त खात्रीनं बोलतात, आणि वर पुरावा म्हणून स्वतःचा अनुभव जोडतात. तो अनुभव खोटा नसतो. फक्त तो मोजायचं माप दोघांसाठी वेगळं असतं.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्त लक्ष जातं. हेड सर ओरडले तर ते 'कडक' असतात. हेड बाई ओरडल्या तर 'खाष्ट'. सरांनी सगळ्यांना विचारून निर्णय घेतला तर ते 'सर्वांना घेऊन चालणारे'. बाईंनी विचारलं तर 'त्यांना स्वतःला काही ठरवता येत नाही'. सर मस्टर रोज तपासतात ती 'बारीक नजर', बाई तपासतात ती 'किचकिच'. सर अकरा वाजता आले तर पंचायत समितीत गेले असतील, बाई अकरा वाजता आल्या तर घरचं आटोपत असतील. मग भले दोघंही एकाच मीटिंगमधून आलेले असोत. म्हणजे पुरुषाचं वागणं ही त्याची कामाची पद्धत, आणि बाईचं वागणं हा तिचा स्वभाव. पद्धत बदलता येते, तिच्यावर चर्चा होते. स्वभावाला औषध नाही, असं आपणच म्हणतो आणि विषय संपवतो.

रजेचं घ्या. २०१८ पासून आपल्याकडे शिक्षिकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मुलाची दहावी आली की अर्ज येतात, आणि एका शाळेत एकाच वेळी तीन जणींना सोडता येत नाही हे कोणत्याही हेडला दिसतं. सरांनी एकीचा अर्ज पुढे ढकलला की "नियमात बसत नसेल" म्हणून ती गप्प बसते. बाईंनी ढकलला की लगेच, "बाईच बाईची वैरी". ही म्हण ज्यानं कोणी काढली त्यानं पुरुषांची मोठी सोय केली. दोन पुरुष शिक्षक वर्षानुवर्षं एकमेकांच्या वेतनवाढीवर टपून बसलेले मी पाहिले आहेत, पण 'पुरुषच पुरुषाचा वैरी' असं म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही.

आता याच्या उलट बाजूचे लोक. हे जास्त गोड बोलतात आणि मला त्यांची जास्त भीती वाटते. महिला नेतृत्वावर व्याख्यान असलं की पडद्यावर ठरलेले शब्द येतात: ममता, सहनशीलता, समजूतदारपणा, एका वेळी दहा कामं करण्याची देणगी. 'बाई आईच्या मायेनं शाळा चालवतात' हे निरोप समारंभातलं हमखास वाक्य. ऐकायला बरं वाटतं. पण हेडच्या टेबलावर येतं काय? पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, यू-डायसची माहिती, शालार्थमधली पगारबिलं, संचमान्यतेत एक पद कमी झालं तर अतिरिक्त कोणाला ठरवायचं हा प्रश्न. यात आईच्या मायेचा कुठे संबंध येतो? अतिरिक्त शिक्षकाचं नाव यादीनं ठरतं. तिथे बाईंनी यादीप्रमाणे नाव पाठवलं की माया आटली म्हणून बोंब होते. सरांकडे माया कोणी मागितलेलीच नसते, त्यामुळे त्यांची आटतही नाही.

सावित्रीबाई फुल्यांचं १८५६ सालचं एक पत्र आहे. त्या आजारी होत्या, माहेरी नायगावला होत्या, आणि पुण्यातल्या कामाचा भार फातिमावर पडला असणार, पण ती कुरकुर करायची नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात आहे. आमच्या उर्दू शाळांत ९ जानेवारीला फातिमा शेख यांची जयंती होते, आणि दरवर्षी कोणीतरी पाहुणा ही कुरकुर न करण्याची गोष्ट सांगून आम्हा शिक्षिकांकडे सूचक नजरेनं बघतो. अलीकडे तर ती बाई होती की नव्हती यावरच वाद घालून झाला. मला त्या उल्लेखात वेगळंच दिसतं. सावित्रीबाई पुण्यात नसताना काम चाललं होतं, ते पेलणारी एक बाई होती, आणि तिच्यावर ताण आहे हे वरच्या बाईला कळत होतं. तिला मदत पोचली का, हा खरा प्रश्न. तो बाजूला ठेवून आम्ही 'कुरकुर करत नाही' एवढंच उचललं आणि तीच पात्रतेची अट करून टाकली.

बाईनं अधिकार वापरला की त्याला नाव वेगळं मिळतं, हे आजचं नाही. आमच्या मावळातलंच उदाहरण तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांचं. सेनापती खंडेराव १७२९ साली वारले. मुलगा त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांच्या फौजेकडून मारला गेला. शाहू महाराजांनी सेनापतीपद धाकट्या यशवंतरावाला दिलं, पण तो लहान होता, आणि कारभार पाहिला उमाबाईंनी. गुजरातचा वसूल, गायकवाडांसारखे सरदार, पेशव्यांशी हिशेबाचे वाद, सगळं त्यांच्याकडे. १७५० साली आळंदीला त्या नानासाहेब पेशव्यांना समोरासमोर भेटल्या आणि गुजरातच्या निम्म्या उत्पन्नाची मागणी त्यांनी मान्य केली नाही. पुढे दाभाड्यांना कैद झाली, १७५३ मध्ये उमाबाई पुण्यात वारल्या. नानासाहेब निम्मा गुजरात मागतात ते 'राजकारण', आणि उमाबाई नाही म्हणतात तो 'हट्ट'. तळेगावात मी ही गोष्ट ज्या ज्या तोंडून ऐकली त्या प्रत्येक तोंडी हाच शब्द होता.

आणि एक गंमत बघा. तेव्हा पद मुलाच्या नावे आणि काम आईचं. आज ग्रामपंचायतीत पद बाईच्या नावे आणि काम नवऱ्याचं. अडीचशे वर्षांत बाजू पालटली, पण पद आणि काम एकाच बाईच्या हातात द्यायचं मात्र टळलं ते टळलंच.

अहमदनगरच्या चांदबीबीचं याहून वाईट. १५९५-९६ मध्ये तिनं मुघलांच्या वेढ्यात किल्ला लढवला, मग वऱ्हाड देऊन तह केला आणि राज्य वाचवलं. पुन्हा वेढा पडला तेव्हा टिकाव लागणार नाही हे ओळखून ती बोलणी करू पाहत होती, तर फितूर झाली म्हणून तिच्याच लोकांनी तिला मारलं. १६०० साली किल्ला गेला तो गेलाच. तिची घोड्यावरची तलवारवाली चित्रं आमच्या शाळांत भिंतीवर असतात. वाटाघाटी करणारी चांदबीबी कोणी रंगवत नाही. लढली तोवर ती 'मर्दानी', हिशेब मांडू लागली तेव्हा गद्दार.

इतिहास पुरे. कोणी म्हणेल, मावळातल्या बाई आहेत, वाचतात, म्हणून कुठलं कुठे जोडतात. तर मोजलेलं उदाहरण घ्या. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात अर्थशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना एका पुढाऱ्याचं भाषण ऐकवलं. भाषण तेच, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या आवाजात. जिथे सरपंचपदावर कधी बाई आलीच नव्हती तिथे पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे आरक्षणामुळे बाई येऊन गेली होती तिथे हा फरक जवळजवळ उरला नाही. हा अभ्यास २००९ साली छापून आला, लिहिणाऱ्यांत एस्थर डुफ्लो होत्या, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. त्यातली अजून एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. स्वतःच्या गावची पहिली बाई सरपंच लोकांना कमी कुवतीची वाटते, दुसऱ्यांदा बाई आली की तसं वाटत नाही.

आमच्या शाळांची अडचण नेमकी इथे आहे. दुसरी बाई येतच नाही.

माझ्या नोकरीत मी पाच हेड पाहिले, चार सर आणि एक बाई. चारांपैकी एक सर खरोखर चांगले होते, एकांनी शाळा देवाच्या भरवशावर सोडली होती, एकांचा राग असा की मुलं त्यांच्या स्कूटरचा आवाज ओळखून वर्गात पळायची, आणि एक आले कधी, गेले कधी, आठवत नाही. बाई मध्यम होत्या. हिशेबात पक्क्या, बोलण्यात फटकळ. त्या सव्वा वर्ष राहिल्या. आज कोणालाही विचारा, चार सरांचे दोष चार माणसांचे म्हणून सांगतील. बाईंचा फटकळपणा मात्र आमच्या इथे सगळ्या बायकांच्या खात्यावर जमा आहे. "एकदा बघितलं ना बाईंचं!" म्हणे. रागीट सरांनंतर "आता पुरुष हेड नको" असं कोणी म्हणालं नाही.

तर ही दुसरी बाई येत का नाही? त्याचं उत्तर स्वभावात नाही, कागदात आहे.

खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे, जिला आपण सगळे एमईपीएस म्हणतो. नियम ३ साधा आहे: पात्र आणि समाधानकारक काम असलेल्या शिक्षकांत जो सर्वांत ज्येष्ठ तो हेड. त्याच नियमात एक फट आहे. ज्येष्ठ शिक्षकानं आपणहून हक्क सोडला तर त्याच्या सहीचं तसं निवेदन संस्थेनं घ्यायचं. यालाच आपण नकारपत्र म्हणतो. तरतूद चांगल्या हेतूनं केलेली आहे, कोणाला नको असेल तर जबरदस्ती कशाला. पण मी आजवर जी तीन नकारपत्रं वाचली ती तिन्ही बायकांची होती, तिन्हींत 'कौटुंबिक कारणास्तव' होतं, आणि दोन्हींचा मजकूर, चुकीच्या ऱ्हस्वदीर्घासकट, एकसारखा होता. तिसरीचा वेगळा, कारण ती शाळा वेगळी. 'स्वेच्छेने' हा शब्द तिन्हींत होता. ज्या कागदावर स्वेच्छा दुसऱ्यानं लिहून आणलेली असते तिला काय म्हणायचं हे व्याकरणाच्या तासाला मी मुलांना अजून शिकवलेलं नाही.

हे झालं इतरांचं. आता आपलं, आणि हे लिहायला मला जड जातंय, पण घरातलं घरातच ठेवायचं हे किती दिवस चालणार.

अल्पसंख्याक शाळेला नकारपत्राचीही गरज नाही. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की अल्पसंख्याक शाळेच्या हेडच्या नेमणुकीला, आणि संस्थेनं नावं कळवलेल्या आणखी जास्तीत जास्त तिघांच्या नेमणुकीला, हा कायदा लागू नाही. मागे आधार आहे संविधानाच्या अनुच्छेद ३० चा: आपल्या संस्था आपण स्थापाव्यात आणि आपणच चालवाव्यात. हेड निवडण्याचं स्वातंत्र्य त्यात येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलेलं आहे. मी या अधिकाराच्या बाजूची आहे. तो उद्या काढून घ्यायला कोणी आलं तर मी मोर्चात पुढे असेन. आमची भाषा, आमची तालीम बाहेरच्या मर्जीवर राहू नये म्हणून तो मिळालाय. पण मी विचारते, ज्येष्ठता यादीतल्या पहिल्या बाईला सोडून चौथ्या क्रमांकाच्या सरांना हेड केलं तर उर्दूचं नक्की काय जपलं गेलं? त्या बाईंची उर्दू त्या सरांपेक्षा कच्ची होती का? कौमच्या नावानं मिळालेलं स्वातंत्र्य कौमच्याच अर्ध्या माणसांना दाराबाहेर ठेवायला वापरलं जातंय, आणि कोर्टात जायला तिला वाटही अरुंद ठेवलीय. मराठी शाळेतली बाई निदान "माझी सही जबरदस्तीनं घेतली" असं म्हणू शकते. आमच्या बाईकडून तर सहीसुद्धा लागत नाही.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, दीनमध्ये बाईची सरबराही बसत नाही. मी आलिमा नाही, फतवे काढणार नाही. पण एवढं माहीत आहे की हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार मोठा होता आणि निकाहच्या आधी खुद्द पैगंबर (स.) यांनी त्यांचा माल घेऊन शामचा प्रवास केला. हजरत उमर (रजि.) यांनी मदीनेच्या बाजारावर शिफा बिन्त अब्दुल्लाह यांच्याकडे देखरेख सोपवल्याची रिवायत आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या १९२० मधल्या पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. (तिथेच पहिली महिला कुलगुरू यायला मात्र २०२४ उजाडलं.) आणि ही दलील करणारे गृहस्थ वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की घरातल्याच बाईचा फॉर्म भरतात, तेव्हा सरबराहीचा मसला कुठे जातो?

दुसरं उत्तर, बायकांनाच नको असतं. हे अर्धं खरं आहे, म्हणून नीट बोलायला हवं. नको असतं, कारण त्या पदाचं काम पुरुषाच्या दिवसाला बेतलेलं आहे. संस्थेची मीटिंग इशानंतर, रात्री साडेनऊला, कोणाच्या तरी दिवाणखान्यात, जिथे हेडला बोलावतात पण बाई असेल तर "तुम्ही कशाला तकलीफ घेता, आम्ही ठरवून कळवू". इमारत निधीसाठी दुकानादुकानांतून फिरायचं. जिल्हा परिषदेत काम असलं की लोणावळ्याहून लोकलनं पुणं, तिथे साहेब नाहीत, उद्या या, आणि अंधार पडता परत. पुरुष हेडसुद्धा यानं थकतो, पण घरी त्याला ताट वाढून मिळतं. मीटिंग शाळा सुटल्यावर साडेपाचला शाळेतच घ्या, आणि मग मोजा किती बायका नको म्हणतात. हे करायला ना शासन निर्णय लागतो ना पैसा. आमच्याच भागातल्या एका विश्वस्तांना मी हे सुचवलं तर म्हणाले, "आपा, साडेपाचला आम्ही दुकान कसं सोडणार?" म्हणजे त्यांच्या दुकानाची वेळ ही व्यवस्था, आणि माझ्या चुलीची वेळ ही माझी मजबुरी.

तिसरं उत्तर कोणी तोंडावर देत नाही. बाई हेड झाली की सहीचं खरंच विचारायला लागते. वेतनेतर अनुदान कशावर खर्च झालं, पावती कुठे, खरेदी कोणाच्या भाच्याच्या दुकानातून झाली. सगळ्याच बायका विचारतात असं नाही, आणि न विचारणाऱ्या पुरुषांइतक्याच न विचारणाऱ्या बायकाही आहेत. पण संस्थेच्या गोटात ऊठबस नसलेल्या माणसाला विचारायची भीड कमी असते, आणि बाईला त्या गोटात बसायला मुळात जागाच दिलेली नसते. 'जुळवून घेत नाहीत' असा शेरा ऐकला की मी हल्ली आधी हिशेबवही कुठे आहे ते बघते.

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घराच्या आरोपावरून पदावरून काढलं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं, आणि बाई निर्णय घेईल, तिचं ऐकावं लागेल, हे गावकऱ्यांना पचलं नाही, असं स्पष्ट म्हटलं. तिला दिल्लीपर्यंत जाता आलं. शाळेतली बाई शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारापर्यंतही जात नाही, कारण तिला पुढची दहा वर्षं त्याच स्टाफरूममध्ये त्याच लोकांबरोबर डबा उघडायचा असतो.

आणि हा फक्त मानाचा प्रश्न नाही. हेडची वेतनश्रेणी वेगळी असते. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेल्यांची पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते. सेवेची शेवटची तीन-चार वर्षं ज्या बाईंनी हेडऐवजी सहशिक्षिका म्हणून काढली, त्यांची 'कौटुंबिक कारणं' त्यांना मरेपर्यंत दर महिन्याला थोडे थोडे पैसे कमी देत राहतात. नकारपत्र लिहून आणणारा क्लार्क हा हिशेब कागदाच्या मागे लिहून देत नाही.

माझं संस्थाचालकांना म्हणणं एवढंच आहे. अनुच्छेद ३० तुमचा आहे, तो वापरा. पण ज्येष्ठता यादी नोटीस बोर्डावर लावा, आणि पहिल्या नावाला सोडून खालचं नाव घेतलं तर का घेतलं ते दोन ओळींत लिहून त्या बाईंच्या हातात द्या. 'स्वभाव' हे कारण लिहून बघा, लेखणी अडते का ते कळेल.

यंदा मे अखेरीस आमच्या टापूतल्या दोन शाळांत हेड निवृत्त होत आहेत. दोन्हीकडे यादीत पहिलं नाव बाईचं आहे. एक शाळा अल्पसंख्याक आहे, दुसरी नाही. त्या दुसरीतल्या बाईंकडे कागद येऊन पोचलाही आहे, फक्त तारखेची जागा रिकामी आहे. त्यांनी मला फोन करून विचारलं, सही केली तर पुढच्या वेळी तरी हक्क राहील ना? राहतो. नियमात तसं आहे, एकदा सोडलं म्हणून पुढची जागा रिकामी झाल्यावर नाव बाद होत नाही. पण त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत आणि ज्या सरांना बसवायचं ठरलंय त्यांच्या निवृत्तीला अकरा. हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कागद सध्या पर्समध्येच ठेवते."